आम्लाची नांगी
(पेडणे येथील व्याख्यान)



माझ्या आईला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण चतुर्थीआधी ती पितळेची समई चिंचेने घासायची. चिंचेतले टार्टारिक आम्ल धातूवरचे पुट सोडवते. डिचोलीच्या शेतातले भाताचे रोप करते ते याच जातीचे काम.

२०१२ साली खाणी थांबल्या. त्याआधी दर पावसात आमच्या मेरेवरून तांबडा गाळ आत यायचा. पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो आणि न विरघळणारे लोह विरघळू लागते. रोपाला लोह हवेच, पण इतके नको. जुन्या पानांच्या टोकांकडून तांबूस ठिपके उतरू लागले की वडील गप्प व्हायचे.

भात पानांतला प्राणवायू मुळांपर्यंत नेतो; तिथे लोह बाहेरच गंजून बसते. रोप उपटून पाहा, मुळे विटकरी दिसतील. तरीही आत शिरलेले लोह जलवाहिन्यांतून मोकळे फिरत नाही. सायट्रिक आम्ल, म्हणजे आपल्या लिंबातलेच, त्याला धरून पानापर्यंत नेते. या पकडीला ‘चिलेशन’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. मी वर्गात ‘नांगीबंध’ म्हणतो, आणि कुर्ल्या पकडणाऱ्या मुलांना पुढचे सांगावे लागत नाही. परिभाषाकोशवाल्यांनी रागावू नये.

आम्ल जमिनीत दुसरा शत्रू ॲल्युमिनियम. सामू पाचाच्या खाली गेला की ते विरघळून मुळाच्या टोकाची वाढच रोखते. गहू तिथे मॅलिक आम्ल सोडतो, बार्ली सायट्रिक, कुट्टू ऑक्झॅलिक. धातू मुळाबाहेरच बांधला जातो. गव्हात हे आम्ल बाहेर सोडणारे जनुक जपानी संशोधकांनी २००४ साली ओळखले.

मात्र हे फुकट होत नाही. बाहेर सोडलेले आम्ल म्हणजे पानांनी उन्हात कमावलेला कर्ब. दाण्यात जायचा तो मातीत जातो. म्हणून ‘सोशिक वाण लावा, गाळाचे काय एवढे’ हा सल्ला मला पटत नाही. तुमच्या पेडण्याच्या खाजनांत कोरगुट खारे पाणी सोसतो, म्हणून मानस उघडी टाकतो का आपण?

वितभर गाळापुढे मुळाच्या टोकाचे आम्ल ते केवढे! आमच्या खालच्या कुणग्यात तो थर अजून आहे. अर्धा गेल्या वर्षी काढला. उरलेला यंदा पाऊस लागण्याआधी काढायचा आहे.