रक्त नको, भीती हवी

ऑक्टोबर आलाय. जव्हारला भातकापणी सुरू आहे, अंधार लवकर पडतो आणि लाईट गेली की मोबाईलच्या टॉर्चवर वाचन.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी माझ्या चौदा वर्षांच्या मामेबहिणीला एक रक्तबंबाळ कादंबरी दिली. चूक माझीच, न वाचता दिली. महिनाभर ती रात्री अंगणातल्या बाथरूमला एकटी गेली नाही. वर वाचणंच सोडलं.

म्हणून यंदा आधी तपासलं. पुस्तक मधूनच कुठेही उघडायचं. प्रेताचं वर्णन आलं, तर बंद. दाराबाहेर कोण उभंय हे कळत नसेल, तर घ्यायचं! रत्नाकर मतकरींचा 'खेकडा' काढला, पण परत ठेवला. त्यात रक्ताची नाही, माणसाच्या मनातल्या विषाची भीती आहे. ती अजून दोन वर्षांनी. (मला स्वतःला मात्र तोच जास्त आवडतो.)

शेवटी नारायण धारपांच्या (1925–2008) समर्थकथा दिल्या. तिथे वाईट शक्ती असते, पण तिला अडवणारे समर्थही असतात. घाबरताना कुणीतरी सोबत लागतं ना.

काल तिसरी गोष्ट संपवून ती बाथरूमला एकटी गेली. मोठमोठ्याने गाणं म्हणत, पण गेली.