वॉर्डातले नेतृत्व कोण शिकवणार?

(खोपट येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



खोपटच्या एस.टी. स्टँडवरून निघून खाडीपूल ओलांडला की कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय लागते. महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९९२ साली सुरू झाले, ते तिथेच. आपल्यापैकी काहीजण उद्या अशा ठिकाणी निवासी डॉक्टर होतील. पहिल्या वर्षी हाऊसमन, पुढे रजिस्ट्रार. पहिले वर्ष संपले, की काल इतरांची आज्ञा पाळणारा मुलगा आज आज्ञा देऊ लागतो. त्याच्या हाताखाली हाऊसमन येतात. सिस्टर, मामा, मावशी त्याच्या तोंडाकडे पाहतात. ही माणसे बरोबर घेऊन काम कसे करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

आम्ही रजिस्ट्रार झालो त्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. रुग्णालयाचे नाव राहू द्या. रात्री दोनच्या सुमारास सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, तेरा नंबर मला ठीक वाटत नाही. सरांना फोन करा." आम्ही "बघतो" म्हणालो. सरांची झोपमोड केली तर ते काय म्हणतील, ही एक भीती. हाऊसमनसमोर आपले अज्ञान उघडे पडेल, ही दुसरी. त्यात दोन तास गेले. आतडे फुटले होते. पेशंट वाचला, पण तो सिस्टरांमुळे. शेवटी फोन त्यांनीच लावला. आमचे पुस्तकी ज्ञान कमी पडले नव्हते. आणि लाजेची गोष्ट म्हणजे, सकाळी राउंडवर सरांनी आम्हाला झापले त्याचा राग आम्ही हाऊसमनवर काढला, तोही पेशंटच्या नातेवाईकांसमोर. त्या मुलाची काडीचीही चूक नव्हती.

हाऊसमनची सुट्टी, जेवण, झोप, ऑपरेशनला हात लावायची पाळी, हे सारे वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या रजिस्ट्रारच्या हाती असते. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी जीवन संपवले. त्या आदिवासी समाजातील होत्या. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण एवढी सत्ता विनाशिक्षण कोणाच्याही हाती देऊ नये, हे म्हणायला न्यायालयाची वाट पाहायची गरज नाही.

कागदावर सुधारणा झाली आहे. २०१९ पासूनच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात डॉक्टरच्या भूमिका सांगितल्या आहेत. त्यात 'आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य' ही एक आहे. आम्हाला त्यातला 'सदस्य' हा शब्द अधिक आवडतो. कॅनडातील तज्ज्ञ डॉक्टरांच्या प्रशिक्षण आराखड्यात २०१५ साली 'मॅनेजर' काढून 'लीडर' घातले. आपल्याकडे एम.डी., एम.एस. करणाऱ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावे लागते. तिथे साधने कमी, म्हणून माणसे सांभाळून घ्यावी लागतात. हे चांगलेच झाले. तरीही खरे शिक्षण वॉर्डातच व्हायला हवे, आणि ते युनिटच्या प्रमुखांनी द्यायला हवे.

त्याला मोठा वर्ग नको. ड्यूटी बदलताना दहा मिनिटे पेशंटच्या खाटेजवळ उभे राहून सांगायचे : काय झाले, काय केले, रात्रीतून काय बिघडू शकते, आणि बिघडले तर कोणाला उठवायचे. मग सिस्टरांना विचारायचे, तुम्हाला काय वाटते? हा प्रश्न रजिस्ट्रार विचारतो की नाही, हे सरांनी पाहावे. मला येत नाही, असे सरांनी स्वतः एकदा मुलांसमोर म्हणावे. रागवायचे असेल तर ड्यूटी-रूममध्ये नेऊन, दार लावून रागवावे. पगारवाढीसाठी संप करायला मुले आपोआप शिकतात. हे मात्र दाखवल्याशिवाय येत नाही.

तो हाऊसमन पुढे मोठा सर्जन झाला. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटला तेव्हा आम्ही त्याची माफी मागितली. तो हसला, म्हणाला, "सर, तेरा नंबर ना?"