आधी बोटांना अक्षर कळू द्या
(पालक मेळाव्यातील भाषण)



मूल तीन वर्षांचे झाले की आपण त्याच्या हाती पाटी-पेन्सिल देतो आणि 'लिही' म्हणतो. शेजारचे मूल शंभरपर्यंत अंक म्हणते, मग आपलेच मागे का, ही चिंता आपल्याला लागते. चिंता रास्त आहे. उपाय मात्र उलटा आहे. या वयात बोटांत लिहिण्याचे बळ आलेले नसते. न जमणारे काम रोज करावे लागले, की मुलाला शाळेचीच धास्ती बसते.

हा विचार नवा नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह सुरू केले. तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि उच्चार करीत. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले. महाग साधनांऐवजी त्यांनी पाने, बिया, खडे, शिंपले वापरले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाचा पाया मानला आहे.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. पुष्कळ मुले घरी उर्दू किंवा दखनी बोलतात आणि बालवाडीत मराठी ऐकतात. शब्दच अनोळखी, तर अक्षर ओळखीचे कसे व्हावे? म्हणून घर आणि शाळा जेथे भेटतात, असे शब्द निवडावेत. आंबा आणि आम, दोहोंच्या आरंभी 'आ'. मासा आणि मछली, दोहोंत 'म'. चंद्र आणि चाँद, दोहोंत 'च'.

आठवडाभर एकच विषय घ्या. समजा, 'मासा' घेतला. जुन्या पुठ्ठ्याचा मासा कापून द्या. मूल रंगीत कागद फाडून खळीने त्यावर खवले चिकटवील. या फाडण्या-चिकटवण्यानेच बोटांना बळ येते. दुसऱ्या पुठ्ठ्यावर खळीने मोठा 'म' काढून त्यावर बारीक वाळू पसरा. वाळल्यावर मुलाने त्यावरून बोट फिरवीत 'म' म्हणावे, मग कणकेचा 'म' वळावा.

अंकांचेही तसेच. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल 'चार चिंचोके दे' म्हटल्यावर मूठभर देते. ती पोपटपंची झाली, मोजणी नव्हे. पाच मासे करा. पहिल्यावर एक खवला, दुसऱ्यावर दोन, असे पाचापर्यंत. प्रत्येक खवल्याला बोट लावून एकेक अंक म्हणवून घ्या. रिकामी वाटी दाखवली की शून्यही समजते.

दोन पथ्ये पाळा. चिंचोके, मणी मुले नाका-तोंडात घालतात. मोठ्या माणसाने जवळ बसावे. आणि मासा सुबक व्हावा म्हणून तो आईने किंवा बाईंनी करू नये. वाकडातिकडा असो, पण मुलाच्या हातचा असो.

ज्या मातांना शाळा लाभली नाही, त्यांनी संकोच करू नये. कणीक, चिंचोके आणि मायेचा शब्द त्यांच्यापाशी आहेच. विद्यार्थी मित्रांनो, वाळूचे अक्षर तेवढे तुम्ही आपल्या धाकट्या भावंडाला करून द्या. शिकलेल्याने घरात दिलेली ही पहिली परतफेड ठरेल.