घरच्या चित्रफिती आणि त्यांची नोंदवही



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, लोकशाही, शेतीचे पाणी अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची रीत आहे. घरातल्या लग्नामुंजीच्या कॅसेटी आणि त्यांची संगणकावर करायची यादी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी मनात म्हटले असल्यास मी त्याला दोष देणार नाही. माझी विनंती एवढीच की, निर्णय शेवटी द्यावा.

आपण बसलो आहोत ते अंबाजोगाईत. याच गावी दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी चार शतके टिकली. कापड चांगले होते आणि जपणारे हात भक्तीचे होते, हे खरेच. परंतु याहून एक साधे कारण आहे, ते आपल्या ध्यानात येत नाही. ही वस्तू काय आहे, कोणाची आहे आणि तिच्यावर काय लिहिले आहे, हे प्रत्येक पिढीला ठाऊक होते. ती माहिती तुटली असती, तर एखाद्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी तिला जुने फडके समजले असते. वस्तू टिकते ती तिच्या नावानिशी. आजच्या व्याख्यानाचा सारा विषय या एका वाक्यात आहे.

आता चित्रफितींकडे वळू. महाराष्ट्राचा आणि चलच्चित्राचा संबंध फार जुना. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचा सामना चित्रित केला आणि १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजपे यांच्या स्वागताचे चित्र घेतले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचे रोज एक चित्र टिपत, लहानशी फीत तयार केली. फिती धुण्याच्या कामात सरस्वतीबाई त्यांच्या जोडीला होत्या. म्हणजे ज्याला आज आपण घरगुती चित्रण म्हणतो, त्यातूनच आपल्या चित्रपटाचा अंकुर फुटला. पुढे मूकपटांच्या काळात या देशात तेराशेंवर चित्रपट निघाले. त्यांतले आज पूर्ण वा तुटक स्वरूपात तीसही हाती नाहीत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली, म्हणून इतके तरी उरले. जे चित्रपट तिकीट लावून हजारोंनी पाहिले त्यांची ही गत, तर घरच्या फितींची काय कथा!

सधन घरांतून आठ मिलिमीटरचा कॅमेरा १९३२ नंतर येऊ लागला, परंतु आपल्या भागात तो विरळाच. आपल्याकडे खरे घरगुती चित्रण आले ते व्हीएचएस कॅसेटीबरोबर. ही पद्धत जपानात १९७६ साली निघाली. १९८२च्या आशियाई खेळांबरोबर देशात रंगीत दूरदर्शन आले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी ‘व्हिडिओ शूटिंग’च्या पाट्या लागल्या. खांद्यावर कॅमेरा, मागे प्रखर दिवा धरणारा पोऱ्या, आणि दिव्यासमोर डोळे मिचकावणारे वऱ्हाडी, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या कॅसेटी आज कुठे आहेत? कपाटाच्या वरच्या फळीवर, किंवा पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूशेजारी.

त्या तिथे सुखरूप आहेत, असा आपला समज असतो. तो खरा नाही. चुंबकीय फितीवरचा लेप उष्णतेने सैल होतो, दमट हवेत तिला बुरशी लागते. आपल्याकडे वैशाखात पत्र्याच्या खोलीत काय ताव असतो, ते मी सांगायला नको. पण फितीपेक्षाही मोठी अडचण यंत्राची. कॅसेट चालवणारे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवले. २०१९ साली युनेस्कोच्या पुढाकाराने जगभर इशारा दिला गेला की, २०२५च्या सुमारास या फिती वाजवण्याची साधने मिळेनाशी होतील. ती मुदत आता सरली आहे. तेव्हा ज्यांच्या घरी कॅसेटी आहेत, त्यांनी त्यांचे संगणकीय रूपांतर लवकर करून घ्यावे. हे सारेच सांगतात आणि ते योग्यच आहे.

परंतु मला त्याच्या पुढचे सांगायचे आहे. समजा, सर्व कॅसेटींचे रूपांतर झाले आणि तळहातावर मावेल अशा पेटीत शंभर तासांचे चित्रण आले. नातू ती पेटी उघडतो. आत फायलींची नावे आहेत: ‘एक’, ‘दोन’, ‘तीन नवीन’, ‘तीन नवीन खरे’. एक फाईल तो उघडतो. मांडव दिसतो, पंगत दिसते, नऊवारीतली एक म्हातारी कोणाच्या तरी गालावरून हात फिरवून बोटे मोडते. ही कोण? नातवाला ठाऊक नाही, त्याच्या बापालाही नक्की आठवत नाही. जिला आठवले असते, ती आजी गेल्या पावसाळ्यात वारली. चित्र वाचले आणि माणूस हरवला. मंडळी, फीत खराब होण्याला वीसतीस वर्षे लागतात. ओळखणारा माणूस एका रात्रीत जातो. म्हणून माझे म्हणणे असे की, रूपांतराइतकीच नोंदीची घाई केली पाहिजे, किंबहुना नोंद आधी.

ही नोंद वहीत का करू नये, संगणकावरच का? वहीत केली तरी उत्तमच. न करण्यापेक्षा शतपटीने बरी. पण वहीची एक मर्यादा आहे. एका कॅसेटीत साखरपुडा असतो, त्याच्यामागे कोणाचे बारसे, आणि मध्येच कोणीतरी तिच्यावर क्रिकेटचा सामना भरलेला असतो. उलट, एकच लग्न तीन कॅसेटींत पसरलेले असते. आणि एकच आत्या सतरा लग्नांत दिसते. वहीत एक वस्तू एका ओळीत बसते, तिचे धागे दहा ठिकाणी जोडता येत नाहीत. सॉफ्टवेअरचे काम एवढेच की, वस्तूंची एक यादी, प्रसंगांची दुसरी, माणसांची तिसरी ठेवायची आणि तिन्ही एकमेकींशी जोडायच्या. मग आत्याचे नाव विचारले की सतराही प्रसंग, कितव्या मिनिटाला ती दिसते त्यासह, समोर येतात. थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. आपला वाचक तो नातू.

यासाठी महागडे काही विकत घ्यावे लागत नाही. लिबरऑफिससारखा मोफत संच पुरेसा आहे. त्यात तक्ते करता येतात. फायलीची लांबी, प्रकार, दर्जा ही तांत्रिक माहिती मीडियाइन्फो नावाचे सॉफ्टवेअर आपोआप वाचून देते. चित्रांना नावांच्या चिठ्ठ्या जोडण्यासाठी डिजिकॅम आहे, तेही मोफत. कोणते घ्यावे, याची कसोटी एकच: उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडले, तर माझी यादी साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येईल का? येत असेल तर घ्या, नसेल तर लांबून नमस्कार करा. आणि मराठी लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा. जुन्या छापखानी फाँटांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याची काय दशा होते, हे इथल्या पत्रकार मित्रांना पक्के ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष कृती. पहिले काम, प्रत्येक कॅसेटीला क्रमांक द्यावा: ००१, ००२. क्रमांकात अर्थ भरू नये. ‘थोरल्याचे लग्न’ असा क्रमांक असत नाही. अर्थ बदलतो, क्रमांक बदलू नये. डबीवर पूर्वी कोणी काही लिहिले असेल, तर ते खोडू नये, शुद्धलेखनही सुधारू नये. आहे तसे उतरून घ्यावे आणि त्याचा फोटो ठेवावा. बापाच्या हस्ताक्षरातले ‘आक्काचा साकरपुडा’ हेही एक साधन आहे.

दुसरे काम तारखांचे. चित्राच्या कोपऱ्यात उमटलेल्या तारखेवर विसंबू नये; पुष्कळ कॅमेऱ्यांची घड्याळे कोणी लावलेलीच नसतात. लग्नपत्रिका शोधावी. ती नसेल तर माणसांना विचारावे. आपल्याकडे साल विचारले तर कोणी सांगत नाही, पण काळ सर्वांना ठाऊक असतो. ‘बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेला पोरगा तेव्हा कॉलेजात होता’, ‘किल्लारीच्या भूकंपानंतरचा उन्हाळा’. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा; म्हणजे तो उन्हाळा १९९४ चा. असे साल मिळाले की लिहावे आणि पुढे ते कशावरून ठरवले तेही लिहावे: ‘पत्रिकेवरून’, ‘मावशीच्या सांगण्यावरून’, ‘अदमासे’. अदमास लिहिण्यात कमीपणा नाही. अदमासाला खात्रीचा पोशाख चढवण्यात आहे. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे संगणक कालानुक्रम आपोआप लावतो.

तिसरे काम माणसांचे, आणि तेच सर्वांत नाजूक. यादीत ‘काकू’ असे लिहू नये. तुमची काकू ही दुसऱ्याची आई असते आणि तिसऱ्याची नणंद. नाते पाहणाऱ्यागणिक बदलते, नाव बदलत नाही. पण थांबा, आपल्याकडे नाव तरी कुठे एक असते? बाईचे माहेरचे नाव निराळे, सासरचे निराळे, कित्येकदा पाळण्यातलेही बदललेले. यादीत केवळ सासरचे नाव लिहिले, तर लग्नाआधीच्या कॅसेटीतली परकरी पोर आणि नंतरची सूनबाई या दोन बायका होऊन बसतात. म्हणून माणसाची नोंद एक आणि तिच्याखाली त्याची सर्व नावे: माहेरचे, सासरचे, हाकेचे. प्रत्येक घरात एक तात्या आणि एक आक्का असतातच. त्यांची खरी नावे आजच विचारून ठेवा.

आणखी एक विनंती. यादी करताना केवळ सोयऱ्यांचीच नावे लिहू नका. त्या चित्रात सनई वाजवणारा आहे, हलगीवाला आहे, भट्टीवर बुंदी पाडणारा आचारी आहे, पाणी वाढणारी बाई आहे. अनेकदा त्या माणसाचे हालते-बोलते चित्र साऱ्या जगात तेवढेच असते आणि ते तुमच्या पेटीत असते. आपल्या बीड जिल्ह्यातली लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पट्टा पडल्यावर परत येतात. त्यांच्या घरची लग्ने उन्हाळ्यातच होतात. सारे कुटुंब गावात, आपल्या उंबऱ्यात, एकत्र आहे असे चित्रण त्या घरात असेल तर त्या लग्नाच्या कॅसेटीतच. तिची नोंद कोणत्या सरकारी दप्तरात होणार? ती आपणच केली पाहिजे. पुढे कोणी या जिल्ह्याचा इतिहास लिहील, तेव्हा पंगतीत कोण कुठे बसत होते, विहिरीला पाणी कुठवर होते, वाड्याचा माळवद कसा होता, हे त्याला या फितींतूनच कळेल. मात्र ती कुठली आणि कधीची, हे लिहिलेले असेल तरच.

कोणी विचारील की, आता संगणक चेहरे ओळखतो म्हणतात, मग हा खटाटोप कशाला? चित्रफितीतून सुटी चित्रे काढली तर संगणक सारखे चेहरे एकत्र करतो, हे खरे. पण जुन्या कॅसेटीतले चित्र अंधुक, डोक्यावर पदर, आणि बहिणीबहिणींचे तोंडवळे एक. त्याचे म्हणणे सूचना म्हणून घ्यावे, निवाडा म्हणून नव्हे. शिवाय चेहरे एकत्र केल्यावर नाव त्याला आपणच सांगायचे असते. ते आजीलाच ठाऊक. तेव्हा आजीला दुपारच्या वेळी, तिच्या सवडीने, चित्र दाखवावे आणि तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. ती दहा मिनिटांची फीत तासभर पाहील आणि मध्येच डोळे पुसेल. घाई करू नये.

तयार झालेल्या यादीच्या आणि फायलींच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे. यादी कागदावर छापून एक प्रत कॅसेटींच्या पेटीतच ठेवावी. कागदाला यंत्र लागत नाही. ‘हे कोणी पाहावे’ असाही एक रकाना असावा. मोडलेली लग्ने, गेलेली माणसे, घरातली दुखणी चित्रात असतात. सर्व काही चव्हाट्यावर मांडायचे नसते. जपणे आणि मिरवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मंडळी, हे काम विद्वानांचे नाही, पैशाचेही नाही. दहावीतला मुलगा सुटीत संगणक चालवील, आजी नावे सांगील, आई माहेरची नावे सांगील. सध्या उन्हाळ्याची सुटी आहे, लेकी माहेरी आल्या आहेत, मुंबई-पुण्याची माणसे गावी आली आहेत. याहून चांगला मुहूर्त कोणता? घरी गेल्यावर पेटी उघडावी, पहिल्या कॅसेटीवर ००१ लिहावे, आणि जे माणूस वयाने सर्वांत वडील असेल त्याच्याजवळ जाऊन बसावे.