ताडपत्री माळ्यावर टाकण्यापूर्वी
(परसबाग लागवडीसंबंधी ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



पावसाळा सरला की गोव्यात घरोघरी एक काम हटकून होते. ओसरीपुढे, जळाऊ लाकडांवर, गवताच्या गंजीवर जूनमध्ये बांधलेली ताडपत्री सोडली जाते आणि घडी होऊन माळ्यावर पडते, ती पुढच्या मिरगापर्यंत. त्याच सुमारास परसात मुळा, तांबडी भाजी, वाल, मिरची यांचे वाफे करावयाचे असतात, आणि तेथे तण कमरेइतके माजलेले असते. ते उपटण्याचे कष्ट बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्याला येतात. पुरुषमंडळी फार तर तणनाशकाची बाटली आणावी असे सुचवितात! माझे सांगणे एवढेच की, ती ताडपत्री आधी तीन-चार आठवडे वाफ्यांवर अंथरावी.

तण जमिनीलगत कापून तेथेच पसरावे. जमीन ओली असावी. कोरडी असल्यास पाणी द्यावे. मग ताडपत्री ताणून कडेने दगड किंवा मातीच्या पिशव्या ठेवाव्यात. आत ऊब व ओल मिळाल्याने वरच्या थरातील तणांचे बी रुजते, परंतु उजेड नसल्याने कोंब पिवळे पडून मरतात. उभ्या तणांची मुळेही अन्न न मिळाल्याने कुजू लागतात. म्हणून ताडपत्री अपारदर्शक हवी. ती उन्हासमोर धरून पलीकडून हात लावावा. हाताची सावली दिसली, तर ती दुहेरी करावी.

पहिल्या वर्षी मी स्वतः एक चूक केली. ताडपत्री काढल्यावर जमीन इतकी स्वच्छ दिसली की, हौसेने कुदळीने खणली. पंधरा दिवसांत वाफा पुन्हा हिरवागार, आणि तो मुळ्याने नव्हे! खोल दडलेले बी मीच वर आणले होते. तेव्हापासून झाकण काढल्यावर मी माती फक्त वरवर मोकळी करतो आणि लगेच बी पेरतो किंवा रोपे लावतो.

मोरड जमिनीत, जेथे पाणी साचत नाही, तेथे ऑगस्टच्या मध्यास ताग पेरून पाहावा. साधारण सात आठवड्यांनी तो फुलावर येतो. शेंगा धरण्यापूर्वी तो फळीने दाबून आडवा करावा आणि त्यावर ताडपत्री घालावी. नांगर न घालता हिरवळीचे खत तयार होते, आणि झाकणामुळे परतीच्या पावसात त्यातील नत्र वाहून जात नाही. दांडे पूर्ण कुजले नाहीत तरी चिंता नको. रोपांभोवती त्यांचेच आच्छादन होते. बारीक बी पेरावयाचे असल्यास मात्र ते बाजूला सारावेत.

लव्हाळ्यासाठी मात्र हा उपाय पुरा पडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच्या गाठी जमिनीत खोलवर जिवंत राहतात आणि त्याचे टोकदार कोंब पातळ प्लास्टिक भेदून वर येतात. हरळीही महिन्याभरात हटत नाही. या दोहोंच्या गाठी व मुळ्या वेचूनच काढाव्या लागतात.

एप्रिल-मे महिन्यांत पारदर्शक प्लास्टिक अंथरून जमीन तापविण्याची रीत वेगळी आहे. इस्रायलमधील याकोव्ह काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली तिच्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. तेथे काम उष्णतेने होते, येथे अंधाराने. दोन्हींची गल्लत करून ऑक्टोबरमध्ये पारदर्शक प्लास्टिक घातले, तर त्याखाली तणांची रोपवाटिकाच तयार होईल!

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. दिवाळीच्या सुट्टीत शाळेची बाग ओस पडते आणि मुले परत येतात ती तण काढायलाच. सुट्टी लागण्याच्या दिवशी वाफे झाकावेत. शाळा उघडल्यावर मुलांना थेट बी पेरता येईल. एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवावा, म्हणजे फरक त्यांना स्वतःच दिसेल.

विरलेली ताडपत्री वापरू नये. तिचे तुकडे मातीत मिसळतात व वेचता येत नाहीत. ताडपत्री उचलताना हात खाली घालू नये. दूर उभे राहून काठीने कड उलटावी, कारण उबेला उंदीर येतात आणि त्यांच्यामागून साप. मुलांना त्या वेळी लांब उभे करावे.