‘जपून काम कर’ एवढं पुरेसं नाही

(जालना एमआयडीसीतील कामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलणाऱ्या मैत्रिणीच्या इच्छेवरून तिचं आणि तिच्या प्रयोगशाळेचं नाव दिलेलं नाही.)



मला भाषणाची सवय नाही. माझं काम जनावरांशी, आणि तेही तोंडाला मुसकं बांधून. त्यामुळे बोलणं कमीच. पण ताईंनी सांगितलं, तू आत काय करतेस तेवढंच सांग. तेवढंच सांगते.

मी इथलीच, जालना तालुक्यातली. पशुसंवर्धनाची पदविका केली तेव्हा गावातले लोक हसले होते. पोरगी गुरांना सुया टोचणार म्हणून. आज मी एका संशोधन प्रयोगशाळेत प्राणी विभागात तंत्रज्ञ आहे. तिथे धोकादायक रोगजंतूंवर काम चालतं. प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेच्या चार पायऱ्या असतात. शाळा-कॉलेजातली साधी प्रयोगशाळा पहिल्या पायरीवर. क्षयाचे जंतू वाढवायचे तर तिसरी पायरी लागते. ज्यावर खात्रीचं औषध नाही, लस नाही, अशा जीवघेण्या विषाणूंसाठी चौथी. पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची चौथ्या पायरीची प्रयोगशाळा २०१२ साली सुरू झाली. जनावरांच्या रोगांसाठी भोपाळला कडेकोट प्रयोगशाळा आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्या मेल्या, तेव्हा तो बर्ड फ्लू आहे हे भोपाळच्या तपासणीतूनच कळलं. मी काम करते ती तिसऱ्या पायरीवरची.

आमचा दिवस कपडे बदलण्यापासून सुरू होतो. घरचं सगळं काढून ठेवायचं. बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं, केसातली पिनसुद्धा. आतले कपडे वेगळे, त्यावर अंगभर झगा, हातात दोन-दोन मोजे, तोंडावर घट्ट मास्क. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवलेला असतो. त्यामुळे दार उघडलं की हवा बाहेरून आत शिरते, आतली बाहेर येत नाही. आतली हवा सोडायची ती बारीक गाळणीतून. पिंजऱ्यातला भुसा, उरलेलं खाणं, हातमोजे, सगळं १२१ अंशांच्या वाफेत शिजवून मगच बाहेर काढायचं. निघताना आपणही अंघोळ करून निघायचं.

आत मी काय करते? उंदीर आणि हॅमस्टर यांना खाणं-पाणी देते, पिंजरे बदलते, वजन करते, ताप बघते, रक्ताचे नमुने घेते. प्राणी मलूल झाला, खाईना, तर डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळतं. लस निघाली की पेपरात शास्त्रज्ञांची नावं येतात, यायलाच हवीत. करोनाच्या काळात आपल्या देशी लसीची चाचणी आधी वीस माकडांवर झाली. त्या माकडांना रोज कोणी तरी खाऊ घातलं, त्यांची घाण कोणी तरी काढली. हे ‘कोणी तरी’ म्हणजे आम्ही. घरातल्या कामासारखंच हे काम. झालं तर दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं.

आता मुद्द्याचं सांगते. आत मी पहिल्यांदा शिकले ते हे, की सुरक्षितता ही कुणाच्या स्वभावावर सोडायची गोष्ट नाही. आपल्याला लहानपणापासून सांगतात, ‘जपून राहा’, ‘जपून काम कर’. आमच्या प्रयोगशाळेत असं कुणी म्हणत नाही. माणूस दमणार, त्याचं लक्ष उडणार, प्राणी चावणार, हे धरूनच सगळी व्यवस्था केलेली आहे. एकटीने आत जायचं नाही, जोडीला कोणी हवंच. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण लावायचं नाही, ती सरळ डब्यात टाकायची. मास्क वापरायला देण्याआधी तोंडावर झाकण ठेवून आत कडू औषधाचा फवारा मारतात. कडू चव लागली तर मास्क तुझ्या चेहऱ्याला बसत नाही, दुसरा घे. चूक चेहऱ्याची नाही, मास्कची.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १९६७ साली जर्मनीतल्या मारबुर्ग आणि फ्रँकफुर्टला आणि युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेडला लशींच्या कामासाठी युगांडातून माकडं आणली होती. त्या माकडांमधून एक नवाच विषाणू माणसांत आला. ३१ जणांना लागण झाली, ७ मेले. बहुतेक जण प्रयोगशाळेत काम करणारे होते. आपल्याकडे १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. त्या विषाणूवर पुण्याला काम झालं, तेव्हा तिथल्याही काही कर्मचाऱ्यांना प्रयोगशाळेतच लागण झाली. असे लोक आजारी पडले, मेले, आणि मग एकेक नियम झाला.

यातल्या दोन बायकांची नावं मी मुद्दाम घेते. जॅनेट पार्कर इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात फोटोग्राफर होती. ती विषाणूवर काम करत नव्हती. देवीच्या विषाणूची प्रयोगशाळा तिच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर होती. १९७८ साली तिला देवी निघाल्या आणि ती गेली. देवीने मेलेलं ते जगातलं शेवटचं माणूस. दुसरी एलिझाबेथ ग्रिफिन, अमेरिकेत अटलांटाच्या माकड संशोधन केंद्रातली, वय २२. १९९७ साली माकडाची ने-आण करताना घाणीचा थेंब तिच्या डोळ्यात उडाला. माकडाला फारसा त्रास न देणारा एक विषाणू त्या थेंबात होता. माणसाच्या अंगात तो मेंदूपर्यंत जातो. सहा आठवड्यांत ती वारली. डोळ्यांवर चष्मा नव्हता, कारण पिंजऱ्यातल्या माकडासाठी तो घालायची पद्धतच नव्हती. ती गेल्यावर डोळे झाकायच्या सूचना निघाल्या. दोघींनीही निष्काळजीपणा केला नव्हता. एकीला हिशेबातच धरलं नव्हतं, आणि दुसरीच्या डोळ्यांचा विचार कुणी केला नव्हता.

हिशेबात न धरणं आजही चालू आहे. माझ्या प्रयोगशाळेतलंच सांगते. झगे पुरुषी मापाचे. बाह्या लांब, पाय लांब, आम्ही ते चिकटपट्टीने बांधून घालायचो. मोजे मोठे म्हणून बोटांची टोकं लोंबायची, आणि तेच टोक हॅमस्टर पकडतो. आत गेलं की तीन-चार तास लघवीला बाहेर येता येत नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे नियमांच्या जाडजूड वहीत एका ओळीनेही नव्हतं. माकड, ससा, उंदीर प्रयोगासाठी वापरायचा तर समितीची परवानगी लागते, हिशेब द्यावा लागतो. ते योग्यच आहे, मी स्वतः त्या मुक्या जिवांसाठी भांडते. पण पिंजरे धुणारी बाई मात्र कंत्राटदाराची. अकरा महिन्यांनी तिचं नाव कागदावरून जातं आणि पुन्हा येतं.

एकदा मला हॅमस्टर चावला. वरचा मोजा फाटला, आतला फाटला की नाही ते नीट दिसेना. नियम असा, की लगेच सांगायचं. मी सांगितलं नाही. आणखी अर्धा तास पिंजरे बदलत राहिले. का? कारण आधीच्या महिन्यात एकीला सुई टोचली होती. तिला तीन आठवडे घरी बसवलं, आणि कंत्राटदाराने ते दिवस गैरहजेरीत धरले. मला त्या अर्ध्या तासात विषाणूची भीती वाटत नव्हती, पगाराची वाटत होती. बाहेर येऊन जोडीदारणीला सांगितलं तेव्हा ती मला ओढतच मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘मोजा कोणत्या मापाचा होता?’ कंत्राटदाराच्या माणसाने विचारलं, ‘लक्ष कुठे होतं?’ बायांनो, या दोन प्रश्नांत किती अंतर आहे ते बघा. पहिल्या प्रश्नाने पुढचा अपघात टळतो. दुसऱ्याने पुढचा अपघात लपवला जातो.

पुढचे दिवस मी घरी वेगळी झोपले. रोज दोनदा ताप मोजला, लेकराला जवळ घेतलं नाही. सासूबाई म्हणाल्या, असली नोकरी कशाला हवी. मला काही झालं नाही. पण मी न सांगता बसले असते आणि झालं असतं, तर ते माझ्यापाशी थांबलं नसतं.

त्यानंतर आम्ही नऊजणींनी मिळून अर्ज दिला. चार गोष्टी मागितल्या. लहान मापाचे झगे आणि मोजे. दोन तासांवर पाळी बदलणं. टोचलं-चावलं सांगणारीचा पगार कापायचा नाही, हे लेखी. आणि दिवस गेलेल्या बाईला जंतूंच्या खोलीऐवजी बाहेरचं काम, पगार तोच. शेवटची मागणी का, तर आमच्यातली एक तिसऱ्या महिन्यापर्यंत आत जात होती. सांगितलं तर कंत्राट पुढे चालू होणार नाही, या भीतीने. पहिल्या तीन गोष्टी मिळाल्या, त्याला सात महिने लागले. चौथीवर अजून भांडतोय.

हे भांडण हवेतलं नाही. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. रोजंदारीवरच्या बाईलाही बाळंतपणाचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या कामगार बायकांच्या प्रकरणात ८ मार्च २००० ला, आपल्या दिवशीच, दिलेला आहे. ‘तू कायम नाहीस’ असं कुणी म्हणालं तर हा निकाल सांगा.

तुम्ही म्हणाल, हे तुझ्या काचेच्या खोलीतलं झालं, आमचं काय? आता घराकडे येऊ. गाय किंवा म्हैस गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आत वासरू टाकते, तेव्हा बऱ्याचदा त्यामागे ब्रुसेल्ला नावाचा जंतू असतो. टाकलेल्या वासरात, वारेत आणि त्या पाण्यात तो भरलेला असतो. माणसाला त्याने महिनोन्‌महिने उलटसुलट ताप येतो, सांधे धरतात, गरोदर बाईचा गर्भ पडू शकतो. प्रयोगशाळेत हा जंतू वाढवायचा तर माझ्यासारखं झगा-मास्क घालून तिसऱ्या पायरीच्या खोलीत जावं लागतं. आणि गोठ्यात? वार कोण उचलतं? आपण, उघड्या हाताने. शेण काढता काढता तेही काढायचं, हात धुवायचे आणि भाकरी थापायला बसायचं. जंतू तोच, बाईही तीच. प्रयोगशाळेत तिच्या भोवती दारं आणि गाळण्या, गोठ्यात साधे रबरी मोजेही नाहीत.

याला उपाय आहेत. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना यावरची लस आयुष्यात एकदाच टोचायची असते, सरकारी कार्यक्रमात ती २०१९ पासून आहे. आपल्या गावात टोचणी झाली का, हे ग्रामसभेत विचारा. वार हाताने उचलू नका, मोजे नसतील तर निदान प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा, खोल पुरा आणि वर चुना टाका. पोटुशी बाईला त्या कामाला लावू नका. दूध उकळूनच प्या. ताप हटेना तर डॉक्टरला सांगा, घरात जनावर गाभडलं होतं. न विचारताही सांगा.

आणि कारखान्यात? जालना सोने का पालना, असं म्हणतात. सोनं कुणाचं ते ठाऊक आहे, पाळणा कोण हलवतं तेही ठाऊक आहे. इथे बियाणं निवडताना रंगीत औषधाची धूळ तुमच्या नाकात जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये याच एमआयडीसीत पोलादाच्या कारखान्यात स्फोट झाला, वीसहून जास्त कामगार जखमी झाले. दर अपघातानंतर एकच वाक्य ऐकू येतं, कामगाराचं लक्ष नव्हतं. यापुढे ते वाक्य ऐकलं की विचारा: मोजा कोणत्या मापाचा होता? मास्क चेहऱ्याला बसतो की नाही हे कुणी तपासलं? जोडीला कोण होतं? ही बाई किती तास उभी होती? याआधी असं झालं तेव्हा कुणी लिहून ठेवलं का?

एक वही करा. शंभर पानांची साधी वही चालेल. कुणाला टोचलं, कापलं, चक्कर आली, डोळे चुरचुरले, तारीख घालून लिहा. दोष कुणाला द्यायचा नाही, फक्त लिहायचं. आमच्या अर्जाला वजन आलं ते अशाच वहीमुळे. तीन महिन्यांत नऊजणींच्या नावावर चौदा नोंदी निघाल्या. एकटीची तक्रार म्हणजे तिचा नाजूकपणा ठरतो. चौदा नोंदी झाल्या की कुणी नाजूकपणा म्हणत नाही.

मी उद्या परत जाणार, परवा सकाळी पुन्हा आत. माझं काम मला आवडतं, सोडायचं नाही. पण यापुढे मला कुणी ‘जपून हं’ म्हणालं, तर मी म्हणणार, मी जपतेच, तुम्ही काय जपलंत ते दाखवा. तुम्हीही विचारा. पुढच्या मेळाव्याला येईन तेव्हा मला तुमची वही बघायची आहे.