जागल्याच्या फोनवर पहारा



तालुक्यातालुक्यांतून, रात्रीच्या एस.टी.ने प्रवास करून आपण इथे आलात. या पत्रकार संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आभाराचे शब्द वाढवत नाही, कारण हाताशी असलेला वेळ मला एकाच प्रश्नासाठी वापरायचा आहे. सरकार फोनवर पाळत ठेवते, तेव्हा सर्वांत आधी कुणाचे तोंड बंद होते?

तीस वर्षांपूर्वीची आठवण सांगतो. आमच्या कार्यालयात रात्री साडेनऊच्या सुमारास एक फोन यायचा. पलीकडून एस.टी. स्टँडचा गलबला ऐकू यायचा. माणूस नाव सांगत नसे. एका पाझर तलावाचे बिल निघाले होते आणि तलाव कागदावरच होता. मोजमाप पुस्तकाचा क्रमांक, पान, तारीख, सगळे तो दबल्या आवाजात सांगायचा. फोन टूं-टूं करू लागला की घाईने रुपयाचे दुसरे नाणे टाकायचा. आम्ही शिवारात जाऊन पाहिले, तर तलावाच्या जागी ज्वारी उभी होती, कणसे दाण्यांनी भरलेली. बातमी छापली, चौकशी लागली. तो माणूस कोण होता, हे मला आजही ठाऊक नाही. आपण कोण ते कुणाला कळणार नाही, या भरवशावरच तो बोलला होता.

गावगाड्यात जागल्या असायचा. गाव झोपले की तो गस्त घालायचा, काही वावगे दिसले की हाळी द्यायचा. आतली लबाडी बाहेर सांगणाऱ्या माणसाला मराठीने हाच शब्द दिला, आणि तो मला फार समर्पक वाटतो. जागल्या गावाचा शत्रू नसतो. तो जागा असतो म्हणून गाव निर्धास्त झोपते.

जून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अशाच एका जागल्याने, एडवर्ड स्नोडेनने, दिलेली कागदपत्रे ‘द गार्डियन’ने छापली. पहिला कागद एका गुप्त न्यायालयाच्या आदेशाचा होता, २५ एप्रिल २०१३ चा. व्हेरायझन कंपनीने त्या आदेशात येणाऱ्या आपल्या ग्राहकांच्या सर्व फोनच्या नोंदी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला रोजच्या रोज द्याव्यात, असे त्यात होते. कुणी कुणाला फोन केला, किती वाजता, किती वेळ. संशय असो वा नसो, सर्वांच्या नोंदी. तुमचे बोलणे कुणी ऐकत नाही, असे आश्वासन अध्यक्ष ओबामांनी तेव्हा देशाला दिले.

मित्रहो, इथेच थांबून विचार करा. माझ्या पाझर तलावाच्या माणसाचे बोलणे कुणी ऐकण्याची गरजच काय? तो आज आपल्या मोबाईलवरून बोलला असता, तर रात्री साडेनऊला अमुक कारकुनाच्या फोनवरून अमुक वार्ताहराला अकरा मिनिटांचा फोन गेला, एवढी एक ओळ पुरे होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर निलंबनाचा कागद आला असता. जागल्याला पकडायला त्याचा शब्द ऐकावा लागत नाही, नोंद पुरते. म्हणून फोनवरची पाळत आणि जागल्याचे संरक्षण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. प्रश्न एकच आहे.

स्नोडेनच्या आधीही एक साधा तंत्रज्ञ बोलला होता. मार्क क्लाइन त्याचे नाव. एटी अँड टी कंपनीत त्याने बावीस वर्षांहून अधिक नोकरी केली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फॉल्सम स्ट्रीटवरच्या इमारतीत ६४१ए क्रमांकाची एक खोली होती, तिथे त्याला मज्जाव होता. पण तारांचे काम त्याच्याकडे होते. ऑप्टिकल फायबरमधून जाणारा प्रकाश फोडून त्याची एक प्रत त्या बंद खोलीत नेली जाते, हे त्याने जोडणीच्या नकाशांवरून ओळखले. निवृत्तीनंतर, २००६ साली, त्याने ते कागद बाहेर आणले. कंपनीवर खटला उभा राहिला. पण २००८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून अशा कंपन्यांना मागील तारखेपासून अभय दिले आणि खटला निकालात निघाला.

स्नोडेननंतर मात्र वारे फिरले. सरकारनेच नेमलेल्या स्वतंत्र मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. फोन-नोंदींच्या त्या ढिगामुळे देशावरचे एखादे संकट टाळण्यात ठोस फरक पडला, असे एकही उदाहरण मंडळाला सापडले नाही. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ती योजना कायद्यात बसत नसल्याचा निकाल दिला आणि जूनमध्ये संसदेने ती बंद करणारा कायदा केला. ज्याच्यामुळे हे घडले, तो मात्र हेरगिरीच्या कायद्याखालच्या आरोपांसह रशियात राहतो आहे.

पाळतीच्या बाजूचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत हल्लेखोर आणि पाकिस्तानातले त्यांचे सूत्रधार यांचे बोलणे पोलिसांनी ऐकले, तेच पुढे खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरले. ते ऐकणे योग्यच होते. पण तिथे नेमके क्रमांक होते, समोर नेमका गुन्हा होता. सगळ्या गावावर जाळे टाकणे ही निराळी गोष्ट आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी फोन टॅपिंगला मर्यादा घातल्या. गृहसचिवांचा आदेश, त्याला मुदत आणि त्यावर फेरविचार समिती. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. सार्वजनिक सुरक्षेला धोका नसताना फोन ऐकता येत नाही, हे त्या निकालाने बजावले. तरीही फेरविचार समितीत आजही सरकारचेच सचिव बसतात, न्यायाधीश नाही. आणि फोनच्या नोंदी तर पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारीसुद्धा मागवू शकतो.

आपल्या जागल्यांचे काय? सुवर्ण चतुष्कोन महामार्गावरचा अभियंता सत्येंद्र दुबे याने २००२ साली पंतप्रधान कार्यालयाला भ्रष्टाचार कळवला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र त्याच्या नावासकट कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीतला खून ठरवला, पण नाव फुटले होते हे खरेच. त्यानंतर जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला. तो अद्याप अमलात आलेला नाही.

म्हणून या व्यासपीठावरून मी तीन मागण्या करतो. फोन ऐकण्यासाठीच नव्हे, फोनच्या नोंदींसाठीही न्यायाधीशाची पूर्वपरवानगी हवी. तपास संपल्यावर त्या नागरिकाला तसे कळवले पाहिजे. आणि २०१४ चा कायदा, त्याला जराही पातळ न करता, लागू झाला पाहिजे.

आपल्यालाही काही पथ्ये पाळावी लागतील. सूत्राचा क्रमांक त्याच्या नावाने आणि हुद्द्याने साठवू नका. कार्यालयात बसलेल्या माणसाला कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायला लावू नका. दुचाकी काढा, त्याला जाऊन भेटा. बातमीत असा एकही तपशील ठेवू नका, जो फक्त त्यालाच ठाऊक होता.

रात्री साडेनऊचा तो फोन आजही कुणाला तरी करायचा आहे, आणि तो माणूस हातात मोबाईल धरून घाबरून बसला आहे. त्याचे नाव आपल्या चुकीमुळे कधीही फुटणार नाही, एवढा शब्द एकमेकांना देऊन आपण इथून उठूया.